कुंभकोणम : हद्द वाढली, कारभाराचे काय?

मेलकावेरी हे नाव महाराष्ट्रातील वाचकांच्या कानावर आले असण्याचा संभव थोडा. तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात कावेरीच्या काठी कुंभकोणम शहर आहे आणि त्या शहराच्या पश्चिमेला, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला, ही वस्ती आहे. तमिळ भाषेत ‘मेल’ म्हणजे पश्चिमेकडचे किंवा वरचे. कुंभकोणम मात्र मराठी माणसाला अगदीच परके नसावे. तंजावरच्या भोसले राजांच्या मुलखात ते मोडत असे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ साली या गावातील एका मराठी घराण्यातच जन्मले. देशभरच्या संस्थानांना कारभारी पुरविणाऱ्या या गावाच्या स्वतःच्या कारभाराचा प्रश्न आज ऐरणीवर आला आहे आणि तो केवळ त्या गावापुरता नाही.

कुंभकोणमची नगरपालिका १८६६ सालची. २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात तामिळनाडू सरकारने तिला महानगरपालिकेचा दर्जा देण्याची घोषणा केली. तांबरम, कांचीपुरम, करूर, कडलूर आणि शिवकाशी ही आणखी पाच शहरेही त्याच घोषणेत होती. २०२२ च्या फेब्रुवारीत निवडणूक झाली, ४८ प्रभागांतून नगरसेवक निवडून आले आणि काँग्रेसचे के. सरवणन हे पहिले महापौर झाले. सरवणन व्यवसायाने ऑटोरिक्षाचालक आहेत. जेथे पालिकेच्या सत्तेवर पिढ्यान् पिढ्या जमीनदार, सावकार आणि व्यापारी यांचेच वजन राहिले, तेथे रिक्षा चालविणारा माणूस महापौरांच्या खुर्चीवर बसतो, ही गोष्ट क्षुल्लक नाही. परंतु खुर्चीवर कोण बसला याइतकेच, त्या खुर्चीच्या हाती काय आहे, हेही पाहावे लागते.

आधी आकडे पाहू. २००१ च्या जनगणनेत कुंभकोणम नगरपालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार होती. दहा वर्षांनंतर, २०११ साली, तीही सुमारे १ लाख ४० हजारच भरली. केवळ कागद पाहणारा अधिकारी यावरून म्हणेल की हे शहर वाढतच नाही. पण त्याच जनगणनेत आजूबाजूच्या वस्त्यांसह धरलेल्या नागरी समूहाची लोकसंख्या २ लाख २० हजारांच्या वर होती. याचा अर्थ उघड आहे. शहर वाढत होते, पण ते पालिकेच्या रेषेबाहेर वाढत होते. देवळांभोवतीच्या जुन्या गल्ल्या भरून गेल्या होत्या आणि तेथील जागेचा भाव कामकरी माणसाच्या आवाक्यात राहिला नव्हता. ज्याला चार भिंती हव्या होत्या तो भातशेतीच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, दारासुरमच्या बाजूला, नदीच्या काठाला सरकला. तो दिवसा शहरात राबत होता, शहराच्या बाजारात खरेदी करीत होता, शहराच्या दवाखान्यात रांग लावत होता. रात्री मात्र तो शहराचा नागरिक नव्हता. त्याच्या घरापुढच्या मोरीची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला पालिकेचे उत्तर ‘पंचायतीची’ आणि पंचायतीचे उत्तर ‘पैसा नाही’ असे ठरलेले होते.

महानगरपालिकेच्या स्थापनेने या माणसांपैकी काहींना शहराच्या आत घेतले. हे आवश्यकच होते. ते उशिरा झाले एवढेच. प्रश्न असा की आत घेतल्यानंतर त्यांचा नंबर कितवा? महानगरपालिका झाली म्हणजे मोठे अनुदान येते, मोठी पदे निर्माण होतात, मोठ्या इमारतीचा आराखडा तयार होतो. या मोठेपणाचा ओघ स्वभावतःच शहराच्या मध्याकडे, बाजारपेठेकडे आणि दर्शनी रस्त्यांकडे वाहतो. उलट पाणी, मलमूत्र आणि कचरा यांचा ओघ काठाकडे वाहतो. वाढत्या उपनगरी शहराच्या कारभाराची सारी कसोटी या दोन उलट दिशांच्या ओघांत आहे.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात ही कसोटी अधिकच कठीण होते. येथील जमिनीचा उतार नाममात्र आहे. पाणी आपोआप वाहून जाईल अशी स्थिती नसल्यामुळे शेकडो वर्षांपासून माणसांनी पाट काढले, चर खोदले, तळी बांधली. एक पाट शेताला पाणी आणतो, दुसरा चर जादा पाणी नदीकडे नेतो. मेट्टूर धरण १९३४ साली पुरे झाले; त्याचे दरवाजे प्रथेप्रमाणे १२ जूनला उघडतात, मग कल्लणै बंधाऱ्यावरून ते पाणी या पाटांच्या जाळ्यातून शेतात पोहोचते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस आला की याच जाळ्याला उलट काम करावे लागते. शेत विकून त्याचे भूखंड पाडले जातात तेव्हा विकणारा आणि घेणारा दोघेही जमीन मोजतात. पाट कोणीच मोजत नाही. पाटावर घराचा जोता येतो, चर बुजतो, जे उरते त्यात सांडपाणी सोडले जाते. मग पाऊस आला की पाणी घरात शिरते आणि वर्तमानपत्रात ‘निसर्गाचा कोप’ असा मथळा येतो. कुंभकोणमच्या तळ्यांवरील आणि पाटांवरील अतिक्रमणांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला तो यामुळेच. अतिक्रमण हटविण्याची वेळ आली की प्रथम कोणाची झोपडी पडते आणि कोणाचे मंगल कार्यालय उभे राहते, हे कोणत्याही शहराच्या रहिवाशाला वेगळे सांगावयास नको.

दारासुरमचे उदाहरण घ्यावे. येथील ऐरावतेश्वराचे मंदिर २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. देशोदेशीचे प्रवासी ते पाहावयास येतात. त्या मंदिराच्या आसपास सौराष्ट्री भाषा बोलणारे रेशीम विणकर पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. पारंपरिक हातमाग खड्डामाग असतो. विणकर जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायाने पावड्या चालवितो. घराभोवती पाणी साचले की ओल प्रथम या खड्ड्यात उतरते. माग थांबतो, रेशमाचा ताणा खराब होण्याची भीती राहते आणि विणकराची मजुरी बुडते, कारण ती नगावर असते, दिवसावर नाही. रेशीम मालकाचे, नुकसान विणकराचे. अशा वस्तीत पावसाळी गटार ही सोय नव्हे, ते उत्पादनाचे साधन आहे. ज्या महानगरपालिकेला आपल्या अंदाजपत्रकात हे दिसत नाही, तिला मंदिरापुढचा वाहनतळ तेवढा दिसतो.

नदीच्या बाबतीतही असेच आहे. मेलकावेरी वरच्या अंगाला, स्नानाचे घाट खालच्या अंगाला. वर जे नदीत पडेल ते खाली पोहोचणारच. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली कुंभकोणममध्ये भुयारी गटाराचे काम झाले. परंतु अशी योजना आखली जाते तेव्हाच्या हद्दीसाठी, आणि वाढलेली वस्ती त्या नळाच्या टोकापलीकडे राहते. तेथे घरोघरी सेप्टिक टाकी, टाकी भरली की टँकर, आणि टँकर रिकामा कोठे होतो हे विचारणारा कोणी नाही. घाटांवर संगमरवर बसविण्यापूर्वी हा टँकर कोठे जातो याचा शोध घेणे हे नदीच्या शुद्धीचे पहिले काम होय.

कुंभकोणममध्ये दर बारा वर्षांनी महामहम भरतो. १८ फेब्रुवारी १९९२ रोजी महामहम तळ्याकाठी चेंगराचेंगरी होऊन सुमारे ५० माणसे मेली. त्या दिवशी मुख्यमंत्र्यांच्या स्नानाचा सोहळा तेथे होता. पुढचा महामहम २०२८ साली आहे. निधी येईल, रस्ते रुंदावतील, दिवे लागतील. भाविकांची सोय व्हावी यात वाद नाही. येणारे बहुसंख्य गरीबच असतात. परंतु बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या लाखोंसाठी जी घाई होते, ती रोज राहणाऱ्या लाखोंसाठी का होत नाही, हा प्रश्न विचारणे अधर्म ठरू नये.

तसेच १६ जुलै २००४. त्या दिवशी शहरातील एका खाजगी शाळेत स्वयंपाकघरातून उठलेली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुले जळून मेली. एकाच इमारतीत तीन शाळा कोंबलेल्या होत्या, जिना अरुंद होता. चौकशी झाली, खटला झाला, २०१४ साली दहा जणांना शिक्षा झाल्या. त्या छपरास, त्या जिन्यास, त्या गर्दीस कोणीतरी वर्षानुवर्षे मान्यता देत होते. ही मान्यता देणारी यंत्रणा वाढत्या शहरात अधिक कडक होते की अधिक सैल, हे पाहणारा निरीक्षक हवा. नवी हद्द म्हणजे नव्या शाळा, नवी प्रसूतिगृहे, नव्या वस्तीगृहांच्या इमारती. त्यांच्या तपासणीसाठी माणसे नेमल्याशिवाय हद्द वाढविणे म्हणजे २००४ च्या धोक्याचे क्षेत्र वाढविणे होय.

माणसे नेमण्याचा प्रश्न आला की सरकारचा खरा कल कळतो. २०२२ च्या ऑक्टोबर महिन्यात, म्हणजे नव्या महानगरपालिकांच्या निवडणुकांना वर्षही झाले नव्हते तेव्हा, तामिळनाडूच्या नगर प्रशासन खात्याने १५२ क्रमांकाचा आदेश काढला आणि चेन्नईखेरीज इतर महानगरपालिकांतील सफाईसारखी कामे बाहेरच्या ठेकेदारांकडे सोपविण्याचा मार्ग मोकळा केला. कामगार संघटनांनी त्याला विरोध केला. चेन्नईत २०२५ च्या ऑगस्टमध्ये दोन विभागांची सफाई खाजगी कंपनीकडे देण्याविरुद्ध कामगार रिपन बिल्डिंगपुढे ठाण मांडून बसले. १३ तारखेच्या मध्यरात्री पोलिसांनी त्यांना उचलले. सामाजिक न्यायाची भाषा करणारे सरकार आणि ज्यांच्या वाट्याला शतकानुशतके हे काम जातीने आले ते कामगार यांच्यात त्या रात्री पोलिसांची गाडी उभी होती. मुंबईतील कंत्राटी सफाई कामगारांपैकी २,७०० जणांना कायम करण्याचा निर्णय २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून मिळवावा लागला, हे महाराष्ट्रातील वाचकांच्या स्मरणात असेल. कुंभकोणमने २०१८ साली गटारात माणूस उतरू नये म्हणून यंत्रमानव आणला, तेव्हा त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु यंत्रही चालवावयास माणूसच लागतो, आणि तो माणूस ठेकेदाराच्या हजेरीवर असेल तर यंत्र बंद पडलेल्या दिवशी पुन्हा तोच गटारात उतरविला जाईल. माणसाला गटारात उतरविण्याला बंदी करणारा २०१३ चा कायदा त्याच्या खिशात नसतो. त्याच्या खिशात त्या दिवसाची मजुरी असते किंवा नसते.

सर्वांत कमी बोलला जाणारा प्रश्न शेतमजुरांचा आहे. गाव महानगरपालिकेत गेले की ते ग्रामीण राहत नाही, आणि ग्रामीण राहिले नाही की तेथील मजुराचा रोजगार हमीचा हक्क जातो. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाचा हक्क दिला. २०२५ च्या डिसेंबरात त्याच्या जागी दुसरा कायदा आणला गेला. तोही ग्रामीण भागापुरताच आहे. २०२४ च्या अखेरीस तामिळनाडू सरकारने १६ महानगरपालिकांची हद्द वाढवून त्यांत आसपासच्या ग्रामपंचायती घेण्याचे पाऊल उचलले, तेव्हा ठिकठिकाणच्या गावकऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, निदर्शने केली. शहरवासी मध्यमवर्गाला याचे नवल वाटले. शहरात येण्याची संधी नाकारणारे हे कोण? त्या स्त्रियांचा हिशेब साधा होता. शहरात गेल्यावर घरपट्टी वाढेल, पाणीपट्टी वाढेल, काम मात्र जाईल. रस्त्यावरचा दिवा पाहून चूल पेटत नाही. हा भीतीचा बाऊ नव्हता. २०२२ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरपट्टी वाढविली तेव्हा ६०० चौरस फुटांपर्यंतच्या घरालाही २५ टक्के वाढ सोसावी लागली होती. कावेरीच्या याच प्रदेशात कीळवेण्मणी येथे १९६८ साली मजुरीवाढ मागणाऱ्या शेतमजुरांच्या ४४ माणसांना झोपडीत कोंडून जाळण्यात आले. येथील शेतमजुराने कामाचा प्रत्येक हक्क कोणत्या किंमतीत मिळविला आहे, हे ज्याला ठाऊक आहे तो नकाशावरील एका रेषेने तो हक्क पुसणार नाही.

उपाय नाहीत असे नाही. महाराष्ट्राने १९७७ चा रोजगार हमी कायदा केला तेव्हा ग्रामीण भागाबरोबर ‘क’ वर्ग नगरपालिकांचे क्षेत्रही त्यात घेतले होते. पालिकेची हद्द आणि कामाचा हक्क एकमेकांचे शत्रू नसतात, हे तेव्हाच मान्य झाले होते. केरळने २०१० साली अय्यनकाळींच्या नावाने शहरी रोजगार हमी योजना सुरू केली. तामिळनाडूनेही २०२१ नंतर शहरी रोजगाराची योजना काढली, पण ती निवडक क्षेत्रांपुरती आणि प्रायोगिक. ज्या दिवशी गाव हद्दीत घेतले त्याच दिवसापासून त्या गावाच्या मजुरांना शहरी हमीचे काम मिळेल अशी अट हद्दवाढीच्या आदेशातच घातली पाहिजे. बुजलेले पाट उकरणे, तळ्यांचा गाळ काढणे, गटारे बांधणे ही कामे त्या मजुरांइतकी दुसऱ्या कोणाला येणार? शहराला लागणारे काम आणि मजुराला हवे असलेले काम येथे एकच आहे. मध्ये फक्त ठेकेदार उभा आहे.

हे सारे ठरविणार कोण? तामिळनाडूत नागरी संस्थांची मुदत २०१६ च्या ऑक्टोबरात संपली आणि निवडणुका २०२२ च्या फेब्रुवारीत झाल्या. मधली पाच वर्षे विशेष अधिकाऱ्यांचे राज्य होते. म्हणजे ज्या दिवशी कुंभकोणमला महानगरपालिका करण्याचे जाहीर झाले त्या दिवशी तेथे लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक पदावर नव्हता. शहराच्या जन्माच्या वेळी त्याचे आईबाप हजर नव्हते, फक्त निबंधक हजर होता. पुढे २०२५ च्या जानेवारीत तंजावरसह २८ जिल्ह्यांतील ग्रामपंचायतींची मुदत संपली आणि त्यांचा कारभारही अधिकाऱ्यांकडे गेला. हद्दवाढीच्या बाजूने वा विरुद्ध ठराव करावयाचा तर तो गावाने कोणाच्या सहीने करावा?

महाराष्ट्रातील परिस्थितीवर बोट ठेवण्याआधी तामिळनाडूला नावे ठेवण्यात अर्थ नाही. इचलकरंजी २०२२ साली आणि जालना २०२३ साली महानगरपालिका झाले. दोन्हीकडे पहिले मतदान होण्यास २०२६ चा जानेवारी उजाडावा लागला. तोपर्यंत प्रशासकच नगरसेवक, प्रशासकच स्थायी समिती आणि प्रशासकच विरोधी पक्ष. कल्याण-डोंबिवलीभोवतालची २७ गावे १९८३ साली आत, २००२ साली बाहेर, २०१५ साली पुन्हा आत. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झाली तेव्हा तेथील गावांनी मोठे आंदोलन केले. या सर्व ठिकाणी बिल्डरला रेषा कोठे सरकणार हे गावाच्या आधी कळले होते, आणि रेषा सरकल्यावर जमिनीच्या भावात झालेली वाढ त्याच्या खिशात गेली. पाणी मात्र मागाहून, टँकरने आले.

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनेत स्थान दिले, परंतु प्रभाग समित्यांची सक्ती तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरती ठेवली. कुंभकोणमसारखे शहर त्या चाळणीतून निसटते. तामिळनाडूने २०२२ साली प्रभाग समित्या आणि क्षेत्रसभा यांचे नियम केले, त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यात क्षेत्रसभा भरविल्या गेल्या. ही सुरुवात चांगली होती. पण ज्या सभेला अंदाजपत्रकाचा एक रुपयाही ठरविता येत नाही, ती सभा अर्ज गोळा करण्याची खिडकी ठरते. केरळने १९९६ च्या जनयोजनेत राज्याच्या विकासनिधीचा ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांच्या हाती दिला, म्हणून तेथील ग्रामसभेत लोक वाद घालावयास येतात. पैसा दिल्याशिवाय सहभाग मागणे ही नोकरशाहीची जुनी हौस आहे.

कुंभकोणमच्या महानगरपालिकेपुढील क्रम यातून स्पष्ट होतो. नव्या मुख्यालयाच्या आणि दर्शनी कमानींच्या आधी पाटांचा आणि तळ्यांचा नकाशा तयार होऊन तो प्रत्येक प्रभागात भिंतीवर लावला जावा, म्हणजे बांधकामाची परवानगी पाटावर दिली गेली तर ती शेजाऱ्यालाही दिसेल. भुयारी गटाराचा पुढचा टप्पा जुन्या हद्दीच्या टोकापासून बाहेर जावा, बाजारातील नळ दुसऱ्यांदा बदलण्यात तो खर्ची पडू नये. लहान घरांची आणि मागाच्या घरांची पट्टी, सोयी पोहोचेपर्यंत, पंचायतीच्या दरानेच राहावी. सफाई कामगारांची नेमणूक पालिकेच्या हजेरीपटावर व्हावी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. नकाशासाठी तर केवळ भूमापकाची साखळी आणि भिंतीवर चिकटविण्यापुरती खळ लागेल.

२०२८ च्या महामहमासाठी येणाऱ्या निधीचा हिशेब यापूर्वी कधी वस्तीपुढे वाचला गेला असेल तर त्याची वार्ता बाहेर आलेली नाही. यावेळी तो कामे काढण्यापूर्वी, मेलकावेरीपासून दारासुरमपर्यंतच्या प्रत्येक क्षेत्रसभेत, तमिळ भाषेत, रकमेसह वाचला जावा, आणि त्यात पाटांसाठी किती, गटारांसाठी किती व कामगारांच्या मजुरीसाठी किती हे तीन आकडे पहिल्या पानावर असावेत.